‘अनावश्यक’ सेवा कोणासाठी अनावश्यक?

संगणक मंदावला की ‘पडद्यामागे चालणाऱ्या अनावश्यक सेवा बंद करा’ असा सल्ला मिळतो. त्यासोबत बहुधा दहा-पंधरा नावांची यादी असते. अशीच एक यादी हाती धरून मी शाळेच्या संगणकावरील चार सेवा एका शनिवारी ‘डिसेबल्ड’ केल्या. त्या दुपारी सर्व काही सुरळीत चालले. सोमवारी संगणक सुरू केला, तर इंटरनेट नाही! तार बदलून पाहिली, राउटर बंद-चालू केला, उपयोग झाला नाही. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी विंडोज पुन्हा नव्याने टाकण्याचा उपाय सुचवला. त्या डिस्कवर नववीच्या मुलांनी वर्षभर नोंदवलेली पर्जन्यमानाची आकडेवारी होती, आणि तिची दुसरी प्रत नव्हती. सुदैवाने तत्पूर्वी चूक सापडली. बंद केलेल्या चार नावांत ‘डीएचसीपी क्लायंट’ हे एक होते.

प्रथम या सल्ल्याची बाजू पाहू. तो निराधार नाही. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट स्मृती पुरत असे. एवढ्या तुटपुंज्या जागेत प्रत्येक सेवेचा भार जाणवे. सुरक्षेचे कारणही खरे होते. २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ देताना मायक्रोसॉफ्टनेच ‘मेसेंजर’ नावाची सेवा मुळातून बंद ठेवली. तेव्हा काही सेवा बंद करणे योग्य असते, हे मान्य.

मग डीएचसीपी क्लायंटचे नाव अशा यादीत का यावे? यासाठी तिचे काम समजून घेतले पाहिजे. जाळ्यातील प्रत्येक संगणकाला एक अंकी पत्ता लागतो. तो माणसाने हाताने भरता येतो, नाहीतर डीएचसीपी या पद्धतीने आपोआप मिळतो. ही पद्धत १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. संगणक पुकारतो, ‘कोणी पत्ता देईल का?’ राउटर म्हणतो, ‘हा घे.’ संगणक म्हणतो, ‘हाच मला द्यावा.’ राउटर कळवतो, ‘दिला.’ हा पत्ता कायमचा नसतो, ठरावीक मुदतीच्या भाड्याने असतो. मुदत वाढवून घेण्याचे कामही हीच सेवा करते. ती बंद झाली की पुकारणाराच उरत नाही. तार शाबूत, राउटरवरचा दिवा लुकलुकतो आहे, पण संगणकाला पत्ताच नाही.

ज्यांनी पत्ता हाताने भरला आहे, त्यांना ही अडचण येत नाही. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने जोडणी घेणाऱ्यांनाही पूर्वी ती येत नसे, कारण तेथे पत्ता पीपीपी या वेगळ्या पद्धतीने मिळे. अशा माणसाने स्वतःच्या यंत्रावर सेवा बंद केली आणि काहीच बिघडले नाही, तर त्याचे निरीक्षण खोटे नव्हते. आपले यंत्र कसे जोडलेले आहे हे मात्र त्याने लिहिले नाही. प्रयोगाच्या अटी न सांगता केवळ निष्कर्ष छापला, हा अशा याद्यांचा पहिला दोष.

दुसरा दोष सर्व नावांना एकाच तागडीत घालण्याचा. ‘डीएनएस क्लायंट’ हे नाव वरच्या नावासारखेच दिसते. पण मायक्रोसॉफ्टच्या वर्णनानुसार ही सेवा थांबली तरी संकेतस्थळांच्या नावांचे पत्ते मिळत राहतात, मिळालेली उत्तरे तेवढी साठवली जात नाहीत. एकीमुळे थोडी गैरसोय, दुसरीमुळे जोडणीच खुंटते. यादीत मात्र दोन्ही ओळी सारख्याच.

सगळा दोष यादीकाराच्या माथी मारणेही योग्य नाही. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ या खिडकीतही उणिवा आहेत. चालू सेवा थांबवू लागलो, तर तिच्यावर विसंबलेल्या इतर सेवांची सूचना मिळते. पण ‘स्टार्टअप टाइप’ बदलून ‘डिसेबल्ड’ केले, तर काहीच विचारले जात नाही. शिवाय चालू असलेली सेवा तेव्हाच थांबत नाही, पुढच्या वेळी ती सुरू होत नाही, एवढेच. कारण शनिवारी आणि परिणाम सोमवारी! मधल्या दिवसात आपण काय केले होते ते विसरून तारेवर संशय घेतो.

‘डिपेन्डन्सीज’ या पानावर दोन याद्या असतात. वरची यादी ही सेवा कोणावर विसंबून आहे ते सांगते, खालची यादी तिच्यावर कोण विसंबून आहे ते. डीएचसीपी क्लायंटच्या वरच्या यादीत ‘नेटवर्क स्टोअर इंटरफेस सर्व्हिस’ दिसते, म्हणजे ती बंद केली तरी हाच अनर्थ. हे पान उपयुक्त आहे, पण अपुरे. त्यात सेवा आणि ड्रायव्हर यांचीच नोंद असते. आपण रोज वापरतो तो ब्राउझर सेवा नसल्यामुळे तो तेथे येतच नाही. खालची यादी रिकामी दिसली म्हणून सेवा निरुपयोगी, असा अर्थ काढला तर फसगत होते.

दुरुस्ती सोपी आहे, आणि तिला इंटरनेट लागत नाही. प्रशासकाच्या खात्यातून ‘सर्व्हिसेस’ उघडावे, त्या सेवेचा ‘स्टार्टअप टाइप’ पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करावा, ‘अप्लाय’ करून ‘स्टार्ट’ दाबावे. आमचे काम यानेच झाले.

माझी चूक मात्र यादीच्या चुकीहून मोठी होती. एका वेळी एकच घटक बदलावा, बदलण्यापूर्वीची स्थिती वहीत लिहावी, परिणाम पाहून मगच पुढे जावे, हे मी दरवर्षी मुलांना लोलकाच्या प्रयोगात सांगतो. शनिवारी मी चार घटक एकदम बदलले, नोंद ठेवली नाही आणि संगणक पुन्हा सुरू करून पाहिला नाही. आता संगणकाशेजारी एक वही आहे. तारीख, सेवेचे नाव, आधीची स्थिती, नंतरची स्थिती असे चार रकाने आखले आहेत. आणि पर्जन्यमानाच्या आकडेवारीची दुसरी प्रत कपाटात आहे.