देवाच्या गाण्यातलं आरोपपत्र

कसालला, जिथून मालवणचा रस्ता फुटतो, तिथल्या भाताच्या गिरणीत मी राबतो. परवा एका ख्रिस्ती दोस्तानं मोबाइल माझ्या कानाला लावला. लॅरी नॉर्मन, अमेरिकेतला गोरा, ख्रिस्ती रॉकवाला. 1972 च्या 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट' मधलं 'द ग्रेट अमेरिकन नॉव्हेल'. मला इंग्रजी धड येत नाही. डिक्शनरी मांडीवर घेऊन चार रात्री बसलो.

दोस्तांनो, देवाचं गाणं म्हटलं की आपलं तोंड वाकडं होतं. होणारच. पण हा बाबा आरती ओवाळत नाही. काळ्या माणसाचा जीव घेणारा गोरा जेवताना प्रार्थना पुटपुटतो, हे तो आपल्याच माणसांना तोंडावर सांगतो. चंद्रावर गेलात ते पोरं उपाशी ठेवून, म्हणतो. परक्याचं युद्ध लढता आणि घरचं हरता, म्हणतो. आरडाओरडा नाही. कोर्टात आरोपपत्र वाचावं तसं.

आणि शेवटी उत्तर काय? ख्रिस्ताच्या मागं चला. साला, इथं गाणं पडलं. सवाल मुठीचा आणि जवाब हात जोडलेला!

तरी सवाल उरतोच. आमच्याकडं रेव्हरंड ना. वा. टिळक, जन्मानं चित्पावन, 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. मराठी चर्चात त्यांनी अभंग नेला, भाषा आपली केली. मोठं काम. पण चर्चलाच आरोपी म्हणून उभं करणारं मराठी पद माझ्या कानावर अजून आलेलं नाही. जात काय बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन गेली? बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याच्या अवस्थेवर लिहून ठेवलंय, इंग्रजी रचनावलीच्या 5 व्या खंडात आहे, काढून वाचा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जाती फक्त हिंदूंत धरल्या. 1956 मध्ये शीख आत आले, 1990 मध्ये आपण बौद्ध. ख्रिस्ती दलित अजून दाराबाहेर. यावर गिटार कोण उचलणार?

तमिळनाडूत एकानं उचललं, पण गिटार नव्हे, पराई. मेलेल्या माणसापुढं वाजतो म्हणून विटाळाचा ठरवलेला दलितांचा ढोल. मदुराईच्या सेमिनरीत शिकवणारे थिओफिलस अप्पावू, 'परट्टै अण्णन', त्यांनी लोकगीतांच्या चालींवर उपासना बांधली. 2005 मध्ये वारले. नॉर्मनपेक्षा मला हा माणूस जवळचा. नॉर्मन नुसतं बोलला, यानं वाद्यच बदललं.

दोस्ताला विचारलं, "तुमच्या चर्चात आमचो ढोल चलात काय रे?"

"फादरांक इचारून सांगतंय," म्हणालो.

अजून सांगितलेलं नाही.