मियागींच्या अंगणातलं मेण

ज्याने एकदा तरी स्वतःच्या गाडीला हाताने मेण किंवा सीलंट लावलं आहे, त्याला 'द कराटे किड'मधला तो प्रसंग बघताना कराटे नंतर आठवतं. आधी आठवतो दुखरा खांदा.

१९८४ सालचा हा सिनेमा जॉन ॲव्हिल्डसन यांचा. 'रॉकी' करणारे तेच. न्यू जर्सीहून आईबरोबर लॉस एंजेलिसला आलेला डॅनियल तिथल्या कराटेवाल्या पोरांचा मार खातो, आणि बिल्डिंगची डागडुजी बघणारे मियागी त्याला शिकवायचं कबूल करतात. अट एकच: सांगेन ते करायचं, का म्हणून विचारायचं नाही. पोरगा हुरूपाने पोचतो, तर अंगणात जुन्या गाड्या उभ्या. आधी सगळ्या धुवायच्या, मग मेण. उजव्या हाताने गोल फिरवत लावायचं, डाव्या हाताने गोल फिरवत काढायचं. श्वास नाकाने आत, तोंडाने बाहेर. एवढं सांगून गुरुजी चालते होतात.

म्हातारा फुकटात गाड्या चमकवून घेतोय, असं पुढे डॅनियलला वाटतं आणि पहिल्यांदा बघणाऱ्यालाही. कारण पटकथाकार रॉबर्ट मार्क केमन यांनी आपल्याला आधी डोळा मारलेला नाही. पडद्यावर काम दिसतं ते कामासारखंच.

त्यातही उजव्या-डाव्याची वाटणी मला फार आवडते. उजव्या हाताच्या माणसाला दोन्ही कामं उजव्यानेच करावीशी वाटतात आणि तिथेच घोटाळा होतो. ओलं मेण लागलेल्या बोटांनी कोरडं फडकं धरलं की ते पुसायचं सोडून माखायला लागतं. एक हात लावणारा, एक काढणारा, ही शिस्त कराटे बाजूला ठेवलं तरी चोख आहे.

ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरून येणारं कारनौबा मेण असो की आजचं पॉलिमर सीलंट, खरी कसोटी थराची. थर इतका पातळ हवा की लावलाय की नाही अशी शंका यावी. बॉनेटला मटाराच्या दाण्याएवढे चार-पाच ठिपके पुरतात. मग थांबायचं. हळूहळू रंगावर धुरकट साय धरते. तिच्यावरून तर्जनी हलकेच ओढायची. बोटामागे चिकट फराटा राहिला तर अजून वेळ आहे. खाली लखलखीत रंग दिसला तर फडकं घ्यायचं. जाड थर जास्त टिकतो हा भ्रम आहे, वरचा सगळा माल फडक्यातच जातो. काढताना जोर लागला की समजावं, लावताना हावरटपणा झाला. मी पहिल्यांदा हा उद्योग मे महिन्यात भर दुपारी, काळ्या बॉनेटवर केला होता. सीलंट चुन्यासारखं वाळून बसलं आणि संध्याकाळ ते खरवडण्यात गेली. मियागींच्या अंगणातही गाड्या उघड्यावरच आहेत. तिथे मात्र गुरुजींना मार्क कमी.

गोल फिरवण्यालाही आजचे डिटेलिंगवाले नाक मुरडतील. पॅडखाली एखादा धुळीचा कण राहिला तर गोल ओरखडा उन्हात कुठूनही दिसतो, सरळ ओरखडा एखाद्याच बाजूने. मुद्दा बरोबर आहे. पण डॅनियलला शेवटी जी मिळते ती पिवळी फोर्ड चाळीसच्या दशकातली. त्या काळच्या गाड्यांवर आजच्यासारखा पारदर्शक क्लिअर कोट नसे. घासताना खुद्द रंगालाच हात लागायचा, आणि जुन्या रंगाचा थोडा अंश फडक्यावर उतरायचा.

आता समजा, मियागींनी पोराच्या हातात ड्युअल ॲक्शन पॉलिशर दिला असता. मऊ फोमचं पॅड, कमी वेग, दाब जवळपास नाहीच. मशीनने थर अधिक पातळ आणि सारखा बसतो, पाठही वाचते. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मशीन धरलेला हात काय करतो? सरळ जातो. आधी आडवा, मग उभा, मागच्या पट्ट्यावर अर्धा चढत. गिरक्या घेतं ते पॅड. वर्तुळ मनगटातून निघून मोटरमध्ये जातं, आणि या सिनेमाचा सगळा डाव त्या वर्तुळावर आहे. केमन स्वतः ओकिनावाचं गोजू-र्यू कराटे शिकलेले. अंगावर आलेला वार गोल हाताने बाजूला वळवणारा 'मावाशी-उके' त्यातलाच, आणि मियागी हे नावही त्या शैलीच्या संस्थापकाचं, चोजुन मियागींचं.

मेणानंतर लाकडी फळ्या घासणं, कुंपण रंगवणं, घर रंगवणं. शेवटी एका रात्री डॅनियल भडकतो. मियागी वाद घालत नाहीत. त्याचा धरलेला खांदा चोळून मोकळा करतात, मेणाचा हात दाखव म्हणतात, आणि अचानक ठोसा टाकतात. पोराचा हात आपोआप उठतो. एकामागून एक वार येतात, एकेक काम उत्तर देतं. मग मियागी त्याला उद्या यायला सांगून आत निघून जातात. समजावून सांगणारं भाषण नाही. एकपात्री विनोदी कार्यक्रमांतून पुढे आलेल्या पॅट मोरितांना या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. ते याच प्रसंगामुळे, असं मी आपलं मनाशी धरून चालतो.

२०१० च्या नव्या अवतारात जॅकी चॅन पोराला जॅकेट काढायला, टांगायला, पुन्हा घालायला लावतात. युक्ती तीच, पण मला फिकी वाटते. हजारदा काढून घातलं तरी जॅकेट होतं तसंच राहतं. मियागींच्या अंगणात, पोराला कराटे आलं नसतं तरी, गाड्या तेवढ्या चकाकल्या असत्या. फसवणूक म्हणून दिलेलं काम खरं काम होतं, म्हणून तो प्रसंग वर चढतो.

तेव्हा पुढच्या वेळी सीलंट लावाल तेव्हा मशीन खुशाल वापरा, पण एक दरवाजा हातासाठी राखून ठेवा. उजव्याने लावा, डाव्याने काढा. आणि गाडी सावलीत घ्या.