पडद्यावरील चल अलंकार

अलंकार हा काव्याचा केवळ बाह्य शृंगार आहे, कीं तो काव्याच्या अर्थाशीं एकजीव असावा लागतो, या प्रश्नावर आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं शतकानुशतकें वाद केला. तो वाद आतां पदव्युत्तर परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेपुरताच उरला आहे, अशी माझी बरींच वर्षें समजूत होती. परंतु अलीकडे त्यानें एका अगदीं अनपेक्षित स्थळीं पुनर्जन्म घेतलेला मला दिसला. तें स्थळ म्हणजे महाविद्यालयाच्या वर्गांतील पांढरा पडदा. आणि तो अलंकार म्हणजे सादरीकरणाच्या स्लाइडींवरील अक्षरांना व चित्रांना दिली जाणारी हालचाल, जिला अ‍ॅनिमेशन म्हणण्याचा प्रघात आहे. शाळकरी मुलाच्या प्रकल्पापासून कंपनीच्या वार्षिक सभेपर्यंत ही हालचाल आज सर्वत्र संचार करीत आहे. ती कशी घालावी हें सांगणारीं मार्गदर्शनें पुष्कळ आहेत. ती कां घालावी, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आधीं माझाच अपराध सांगतों, म्हणजे नसता उपदेशाचा अधिकार घेतल्याचा दोष माझ्यावर येणार नाहीं. दोन वर्षांपूर्वीं इंग्रजी काव्यांतील कल्पनाशक्तीच्या उपपत्तीवर मला व्याख्यान द्यावयाचें होतें. घरांतील तरुण मंडळींकडून पॉवरपॉइंटचे धडे घेऊन मीं दोन रात्री जागून स्लाइडी सजविल्या. वर्डस्वर्थ डावीकडून धांवत आला, कोलरिज गिरक्या घेत अवतरला. एक व्याख्या चेंडूसारखी उसळून स्थिरावली, तर दुसरी धुक्यासारखी विरून गेली. वर्ग प्रसन्न दिसला आणि मीही प्रसन्न झालों. तास संपल्यावर पहिल्या बांकावरील एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, याची पीडीएफ मिळेल का?” ती मीं पाठविली. दुसऱ्या दिवशीं ती पुन्हां आली. “सर, सातवी स्लाइड वाचताच येत नाही. सगळं एकावर एक आलंय.”

मीं पाहिलें तों खरेंच. त्या स्लाइडीवर चार विधानें होतीं, आणि एक गेल्यावर दुसरें त्याच जागीं यावें अशी माझी योजना होती. कागदाला काळ ठाऊक नसतो. त्यामुळें तीं चारही एकमेकांच्या उरावर बसलीं होतीं. एवढेंच असतें तर हा दोष यंत्राच्या माथीं मारून मोकळें होतां आलें असतें. परंतु त्या मुलीनें पुढें विचारलें, “यातलं दुसरं वाक्य पहिल्याला धरून आहे, की त्याच्या विरुद्ध?” आणि मला मनाशीं कबूल करावें लागलें कीं, हा संबंध मीं कोठेंच शब्दांत मांडला नव्हता. पहिलें विधान विरून गेलें, अर्थात् तें खोडलें गेलें, असें मीं त्या हालचालीकडून वदवून घेऊं पाहत होतों. आणि हालचाल मुकी निघाली.

ही चूक एकट्या माझी नसावी, असें या साधनाचा इतिहास पाहतां वाटतें. रॉबर्ट गॅस्किन्स व डेनिस ऑस्टिन यांनीं ‘फोरथॉट’ नांवाच्या अमेरिकन कंपनींत घडविलेलें पॉवरपॉइंट १९८७ मध्यें मॅकिंटॉश संगणकासाठीं बाहेर पडलें. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें ती कंपनी विकत घेतली. त्या पहिल्या आवृत्तीचें काम ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवावयाचीं पारदर्शक पानें तयार करण्याचें होतें, आणि तींही कृष्णधवल. तेथें अक्षर हलण्याचा प्रश्नच नव्हता. संगणकाचें चित्र सरळ पडद्यावर टाकण्याची सोय झाली तेव्हां हालचालीला वाव मिळाला, आणि ‘पॉवरपॉइंट २००२’ या आवृत्तींत तिचें आज रूढ असलेलें वर्गीकरण आलें: वस्तूचा प्रवेश, तिच्यावर दिलेला जोर, तिचें निर्गमन, आणि तिनें आक्रमावयाचा मार्ग. यांपैकीं प्रत्येक क्रिया कळ दाबल्यावर व्हावी, आधींच्या क्रियेबरोबर व्हावी, कीं ती संपल्यावर आपोआप व्हावी, हेंही ठरवितां येतें. तिला किती सेकंद लागावेत व ती किती थांबून सुरू व्हावी, हें निराळें.

नाट्याच्या अभ्यासकाला ही परिभाषा परकी वाटणार नाहीं. येथें स्लाइडीचा कर्ता हाच नाटककार, हाच सूत्रधार आणि पडदा ओढणाराही हाच. परंतु रंगभूमीला तिची एक शिस्त आहे. ज्याची सूचना आधीं मिळालेली नाहीं अशा पात्रानें रंगावर येऊं नये, असा संस्कृत नाटकाचा संकेत आहे. प्रवेशाला प्रयोजन लागतें आणि जाण्यालाही लागतें. पडद्यावरच्या शब्दांना असें प्रयोजन विचारणारा भरतमुनि कोणी नाहीं. यादींत परिणाम पुष्कळ आहेत, ते आयते आहेत, आणि आयती मिळालेली वस्तु वापरल्यावांचून राहवत नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे.

हलत्या स्लाइडी महाराष्ट्राला नव्या आहेत, असें मात्र कोणी समजूं नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९० नंतरच्या दशकांत, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें दीपचित्रांचे खेळ केले. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशांत पडद्यावर पडत, तीं झपाट्यानें बदलून आकृति हलल्याचा भास निर्माण केला जाई, आणि जोडीला निवेदन चाले. शांबरी म्हणजे माया. खेळाचें नांवच प्रेक्षकाला आधीं सांगून टाकी कीं येथें माया दाखविली जाणार आहे. त्या खेळांत कथेंतलें पात्र हले, आणि तें हलणें हाच कथेचा भाग असे. कथेचा मथळा गिरक्या घेत नसे.

हा भेद आनंदवर्धनानें नवव्या शतकांत ‘ध्वन्यालोका’त काव्यापुरता स्पष्ट करून ठेवला आहे. जो अलंकार रसाच्या ओघांतच, निराळा प्रयत्न न करितां साधतो, तोच खरा. त्याला प्रधान मानूं नये, योग्य वेळीं घ्यावा आणि योग्य वेळीं टाकावा, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. गंमत अशी कीं मानसशास्त्रज्ञ निराळ्या वाटेनें जवळजवळ याच ठिकाणीं येऊन पोंचले. बार्बरा ट्व्हर्स्की, ज्युली मॉरिसन व मिरेय बेट्रांकूर यांनीं २००२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत, हलत्या चित्रांनीं शिकणें सुकर होतें काय, याचा आढावा घेतला. जेथें हलतें चित्र सरस ठरल्याचें दिसत होतें, तेथें पुष्कळदां त्यांत स्थिर चित्रापेक्षां अधिक माहितीच भरलेली होती, असें त्यांना आढळलें. त्यांनीं दोन कसोट्या सांगितल्या. चित्राची घडण सांगावयाच्या विषयाच्या घडणीशीं जुळली पाहिजे, ही पहिली. आणि पाहणाऱ्याला ती नीट दिसून तिचें आकलन झालें पाहिजे, ही दुसरी. पहिलीला आपण औचित्य म्हणूं, दुसरीला प्रसाद.

औचित्याची कसोटी लावून पाहण्यासारखें एक उदाहरण आमच्याच महाविद्यालयांत मला सांपडलें. माझ्या फजितीनंतर गणित विभागांतील एका सहकाऱ्यांच्या तासाला मी मागच्या बांकावर जाऊन बसलों. पडद्यावर एक मोठा चौरस होता. त्याच्या चार कोपऱ्यांत चार सारखे काटकोन त्रिकोण, आणि मध्यें उरलेला तिरपा चौरस, म्हणजे कर्णावरचा. सहकाऱ्यांनीं कळ दाबली; एक त्रिकोण सावकाश सरकून समोरच्या त्रिकोणाला कर्णाशीं कर्ण लावून भिडला. मग दुसरा सरकला, मग तिसरा. चौथा जागचा हलला नाहीं. त्रिकोण कोठें वळला नाहीं, लहान-मोठा झाला नाहीं. म्हणून त्यांनीं व्यापलेली जागा तेवढीच राहिली आणि रिकामी जागाही तेवढीच राहिली. फक्त आतां ती रिकामी जागा दोन चौरसांची होती, त्रिकोणाच्या दोन बाजूंवरच्या. पायथागोरसचा सिद्धांत डोळ्यांदेखत सिद्ध झाला. येथें हालचाल काढून टाकली तर सिद्धतेचा कणाच जातो, कारण ‘सरकविल्यानें क्षेत्रफळ बदलत नाहीं’ हेंच त्या सिद्धतेचें मर्म आहे. तोच परिणाम, तीच यादी; परंतु माझा कोलरिज गिरकी घेतो तेव्हां त्याच्या मतांत कांहीं फरक पडत नाहीं.

उलटपक्षीं, विषयांत गति असली म्हणजे चित्रांतही ती असलीच पाहिजे, असेंही नाहीं. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्यानें १८६९ मध्यें नेपोलियनच्या १८१२ च्या रशियावरील स्वारीचा जो आलेख काढला, तो पाहावा. दहा हजार माणसांना एक मिलिमीटर या मापानें काढलेला सैन्याचा पट्टा नीमन नदीपाशीं ४,२२,००० चा आहे. मॉस्कोला तो १,००,००० चा होतो, आणि परततांना १०,००० चा एक धागा उरतो. कागदावरची एक रेघही हलत नाहीं. तरी तें सैन्य झिजतांना आपण पाहतों, आणि तेंही आपल्या गतीनें: हवें तेथें थांबतों, मागें जातों, दोन टोकें एका दृष्टिक्षेपांत ताडून पाहतों.

हलत्या चित्राचें खरें मोल येथें कळतें. तें पाहणाऱ्याचा वेळ त्याच्या हातून काढून आपल्या हातीं घेतें. स्थिर पान वाचकाची वाट पाहतें. हलतें पान त्याला आपल्यामागें ओढीत नेतें. तेव्हां प्रसादाची कसोटी ही शिष्टाचाराचीही कसोटी आहे: दुसऱ्याचा वेळ घ्यावयाचा तर त्याच्या आकलनाइतका संथ चालेन, एवढें वचन देणाऱ्यानें दिलें पाहिजे.

कोणी म्हणेल, मग मुद्दे एकेक करून दाखविणेंही वर्ज्य काय? मुळींच नाहीं. फळा आणि खडू हें काम पिढ्यान् पिढ्या करीत आले. फळ्यावर वाक्य एकदम उमटत नसे. शिक्षकाचा हात चाले तसें तें उमटे, आणि हात बहुधा विचाराच्या पुढें धांवत नसे. प्रश्न आधीं व उत्तर मागून यावें, सिद्धतेची पायरी पायरीनंतर यावी, हा क्रम अर्थाचाच क्रम आहे. त्याला यादींतला सर्वांत साधा परिणाम, नुसतें प्रकट होणें, पुरतो. परंतु जेथें मुद्दे परस्परांशीं ताडून पाहावयाचे असतात, तेथें ते एकेक करून झांकून ठेवणें म्हणजे ताटांतले पदार्थ एकेक वाढून लगेच उचलून नेण्यासारखें आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, हालचालीनें लक्ष वेधलें जातें. वेधलें जातें खरें, पण तें हालचालीकडे. डिझ्नीच्या चित्रशाळेंतील फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन यांनीं १९८१ च्या आपल्या ग्रंथांत चित्रांत प्राण आणण्याचीं बारा तत्त्वें सांगितलीं आहेत. त्यांत हालचाल हळू सुरू व्हावी व हळू थांबावी हें एक. वस्तु दबतांना व ताणली जातांना तिचें वजन कळावें हें दुसरें. चेंडूची उसळी त्याचें वजन सांगते. शब्दाचें वजन अर्थाचें असतें. तो उसळल्यानें वाढत नाहीं. शिवाय झपाट्यानें फिरणाऱ्या व लुकलुकणाऱ्या दृश्यांनीं कित्येकांना घेरी येते, कांहींना अपस्माराचा झटकाही येऊं शकतो. म्हणूनच २००८ च्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता-निकषांत, सेकंदाला तीनाहून अधिक वेळां लखलखणारें दृश्य टाळावें, असें सांगितलें आहे. श्रोत्यांत असा कोण बसला आहे, हें व्याख्यात्याला ठाऊक नसतें.

पुढल्या वर्षीं तें व्याख्यान मीं पुन्हां दिलें. सातव्या स्लाइडीवरचीं चार विधानें दोन स्तंभांत शेजारीं शेजारीं मांडलीं, आणि मध्यें ‘परंतु’ हा शब्द घातला. दोन रात्रींच्या जागरणानें जें साधलें नव्हतें, तें या तीन अक्षरांनीं साधलें. हालचाल एकच ठेविली: शेवटचा प्रश्न वर्गापुढें पुरेसा वेळ राहिल्यावर त्याच्याखालीं उत्तर प्रकट होतें, आणि पीडीएफसाठीं प्रश्नाची स्लाइड वेगळी व उत्तराची वेगळी केली आहे. वर्ग पहिल्या वेळेइतका प्रसन्न दिसला नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. मात्र उत्तर प्रकट होण्याआधीं तीन मुलांनीं हात वर केले, आणि त्यांतल्या एकाचें उत्तर माझ्या स्लाइडीवरच्या उत्तराहून निराळें निघालें. तासाचा उरलेला वेळ त्या उत्तरावरच गेला. पुढच्या स्लाइडी दाखवावयाच्या राहून गेल्या.