वहीतला एक रकाना

आमच्या घरात बंदूक होती, हे सांगितलं की मंदिरातल्या मैत्रिणींना खरं वाटत नाही. जैनांच्या घरात बंदूक? पण या सीमाभागात शेतीवर जगणारी आपली कितीतरी घरं आहेत. भुईमुगात रानडुकरं शिरली की मळ्यातल्या माणसाला शास्त्र आठवत नाही, रातोरात गेलेलं पीक आठवतं. मामंजींकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची जुनी ठासणीची बंदूक होती. ते गेल्यावर ती ठाण्यात जमा करायची ठरली, त्याच्या आदल्या दिवशी एक गृहस्थ ती बघायला आले. जुन्या बंदुका जमवणारे.

मी मनात एक चित्र रंगवून ठेवलं होतं. मिशांना पीळ, शिकारीच्या गप्पा, भिंतीवर वाघाचं मुंडकं. आणि चार शब्द सुनावायचेही ठरवले होते. आले ते बँकेतून निवृत्त झालेले, किडकिडीत, बिनसाखरेचा चहा पिणारे काका. बंदूक उडते का, हे त्यांनी विचारलंच नाही. पहिला प्रश्न होता, "वहिनी, कुणी घासूनपुसून पॉलिश तर केलं नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग भिंग काढलं, टेप काढली आणि एक जाड वही उघडली. वहीत रकाने होते: नळीची लांबी, खटक्याचा प्रकार, कारागिराचा शिक्का, दस्त्याचं लाकूड, आधीचे मालक.

त्या दिवशी माझं सुनावणं राहून गेलं. मात्र ही माणसं असतात तरी कशी, याचं कुतूहल जागं झालं. काकांनी वाचायला दिलं ते वाचलं, नंतर मिळेल ते वाचत गेले. या लोकांचे काही गुण मान्य करायलाच हवेत.

एक म्हणजे चिकाटी. इंग्लंडच्या रॉबिन विगिंग्टन यांनी टिपू सुलतानाच्या बंदुका जमवल्या आणि 1992 मध्ये त्यांच्यावर मोठा सूचीग्रंथ काढला. टिपूने स्वतःचा मौलूदी सन चालू केला होता, त्याचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे. हे ज्याला ठाऊक नाही त्याला बंदुकीवरचं वर्षच लागणार नाही. वाघाच्या पट्ट्यांची नक्षी, वाघाच्या आकाराचा घोडा, शिक्के, हे एकेक जुळवत बसायचं म्हणजे वर्षानुवर्षांचं काम.

दुसरा गुण प्रामाणिकपणाचा. खरा जमवणारा बदललेल्या भागाला बदललेलाच म्हणतो. गंज आहे तसा ठेवतो, कारण काळाने चढवलेला रंग एकदा घासला की परत येत नाही. आपण मात्र आजीची तांब्याची घागर उजळून उजळून तिच्यावरचं नाव पुसून टाकतो.

तिसरा गुण नोंदीचा. फ्रान्सचा 13वा लुई बंदुकांचा मोठा शौकीन होता. त्याच्या संग्रहातल्या हत्यारांवर पुढे यादीतले क्रमांक उमटवले गेले आणि आज जगाच्या पाठीवर कुठेही त्यातली बंदूक निघाली तर त्या आकड्यावरून ओळखता येते. आणि चौथा गुण त्यांच्या बोलण्यात येतो: आम्ही मालक नाही, पुढच्या पिढीपर्यंत नेऊन पोचवणारे आहोत.

ऐकायला हे छान वाटतं. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

श्रवणबेळगोळला गेलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणी त्याच गाडीने पुढे श्रीरंगपट्टणलाही जातात. 4 मे 1799 ला तिथला किल्ला पडला, टिपू मारला गेला आणि शहर लुटलं गेलं. त्याची हत्यारं इंग्रज अधिकाऱ्यांच्या सामानातून विलायतेला गेली. 2019 साली तिथल्या एका घराच्या माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली अशी एक बंदूक सापडली आणि लिलावात 60,000 पौंडांना गेली. तिच्यावर झटापटीतल्या नुकसानीच्या खुणा होत्या आणि ती गोष्ट तिची थोरवी म्हणून सांगितली गेली. म्हणजे बघा, लाकूड जिथे फुटलं तिथे समोरासमोर दोन माणसं होती. त्यांचं काय झालं हे कुणी विचारलं नाही, पण त्या फुटण्याने किंमत वाढली. आणि लूट? यादीत शिरल्यावर लुटीचा "वस्तूचा पूर्वेतिहास" होतो.

हे लोक क्रूर आहेत असं मी म्हणत नाही. काकांनी चिमणीला खडा मारला नसेल. पण त्यांची सगळी बारकाई दस्त्यापासून नळीच्या तोंडापर्यंत चालते आणि तिथेच थांबते. नळीच्या तोंडापुढे जे होतं त्याला वहीत रकाना नाही. एवढी प्रामाणिक माणसं, आणि नेमकी मुख्य नोंद गाळतात. गाळावीच लागते, नाहीतर वस्तूवर इतकं निर्मळ प्रेम करता येणार नाही. आपल्याकडे आसक्तीलाच परिग्रह म्हटलंय ते यासाठी. वस्तू किती आहेत हा प्रश्नच नाही. तिच्यापायी आपल्याला काय दिसेनासं होतं, हा आहे.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपलं घरही बघावं. मूडबिद्रीला धवलाची ताडपत्रं शतकानुशतकं जपली गेली. जपणाऱ्यांचे उपकार आहेतच. पण कित्येक पिढ्यांनी त्यांचं लांबून दर्शन घेतलं, वाचायला मिळालं नाही. 1939 पासून ती अमरावतीहून छापून येऊ लागली तेव्हा कुठे सामान्य माणसाच्या हाती पडली. जपण्याच्या नादात जपलं कशासाठी हे विसरणं आपल्यालाही जमतं. स्वभाव तोच. फक्त त्यांच्या कपाटात बंदूक आहे, आपल्या कपाटात ग्रंथ होता.

तर आमच्या बंदुकीचं काय करायचं? काकांना ती हवी होती, रीतसर परवानगी काढून घ्यायचीही त्यांची तयारी होती. यांचं म्हणणं, देऊन टाकू. मी अडले. समंतभद्रांच्या रत्नकरंडात अनर्थदंडाचे प्रकार सांगितलेत, त्यात एक हिंसादान: तलवार, कुऱ्हाड, विष यांसारखी हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. ठेवावं तर परिग्रह, द्यावं तर हिंसादान. हे हसले, "मग विहिरीत टाकू का?"

कायदाही इथे भेद करतो. जे हत्यार जुन्या घडणीचं आहे, दुरुस्त करूनही उडणार नाही, त्याला तो शस्त्र धरत नाही. आमची बंदूक मात्र गज घालून दारू ठासली असती तर उडाली असती. शेवटी मी काकांना दोन अटी घातल्या. पहिली, रीतसर निकामी करून घ्याल तरच न्या. जमवणाऱ्याला ही अट किती जड जाते हे मला आता कळतं. त्यांच्या दृष्टीने ते मूर्तिभंजनच. दुसरी अट म्हणजे वहीत एक रकाना वाढवा आणि मी सांगते ते लिहा.

मी सांगितलं: या बंदुकीचा बार एरवी हवेतच व्हायचा. एका पावसाळ्यात मात्र नेम लागला आणि एक डुकरीण पडली. पिलं बांधावर दोन दिवस ओरडत होती. मामंजींनी नंतर कधी बंदूक भिंतीवरून उतरवली नाही. सासूबाई दरवर्षी त्या तिथीला उपवास करत, कुणासाठी ते सांगत नसत.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वहिनी, पहिली अट विचार करून सांगतो. दुसरी आत्ताच." आणि त्यांनी लिहिलं, माझ्यासमोर, त्याच बारीक सुबक अक्षरात. नळीची लांबी लिहिली होती त्याच्या खाली. पहिल्या अटीचं उत्तर अजून आलेलं नाही. बंदूक ठाण्यात आहे.

भरत आणि बाहुबली समोरासमोर आले तेव्हा सैन्याची हत्यारं बाजूला ठेवून दृष्टी, जल आणि मल्ल अशी तीन युद्धं झाली. मूर्तीचं दर्शन घेताना आपण ही गोष्ट एकमेकींना सांगतो. बाजूला ठेवलेल्या त्या हत्यारांचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी सांगत नाही. ती कुणाच्या तरी माळ्यावर गेलीच असणार. तुमच्याही माळ्यावर एखादी तलवार, एखादी नळी असेल. ठेवा, द्या, मोडीत घाला, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारून घ्या की ती कुणावर चालली होती. कागदावर लिहा. पॉलिश करू नका.