पहिली कादंबरी आणि लेखकाचा बायोडाटा

नवनाथ गोरे यांच्या 'फेसाटी'ला 2018 चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. पुढे टाळेबंदीत त्यांच्यावर मजुरीची वेळ आली, बातम्या झाल्या, आणि कादंबरी राहिली बाजूला. 2024 मध्ये देविदास सौदागर यांच्या 'उसवण'चं तेच झालं. लेखक शिंपीकाम करतो, त्याने रखवालदारीही केली, हे सगळ्यांना पाठ. पण तयार कपड्यांपुढे शिंप्याचा धंदा कसा खचत जातो हे तो कसं रचतो, यावर कुणी दोन वाक्यं बोलेना. वाचायला सांगतात पुस्तक, वर्णन करतात लेखकाच्या हालांचं.

बुलडाणा जिल्ह्यात तरी हे खपू नये. रमेश इंगळे उत्रादकरांची 'निशाणी डावा अंगठा' इथलीच, 2005 ची, आणि पहिलीच. साक्षरता मोहिमेला जुंपलेले मास्तर, परिपत्रकं, बैठका, अहवाल. प्रौढ शिकोत न शिकोत, रकाने भरलेच पाहिजेत. पावतीवर शाईचा ठसा उमटतो, शेजारी कारकून ठरलेले तीन शब्द लिहितो आणि माणूस कागदापुरता संपतो; तेच तीन शब्द या कादंबरीचं नाव. लेखक कुठे भाषण ठोकत नाही. सरकारी मराठीला तो मोकळं बोलू देतो, वऱ्हाडी तिच्या शेजारी आणून बसवतो, आणि हसता हसता वाचकाला घाम फुटतो. दारिद्र्याचं प्रदर्शन न मांडता व्यवस्थेची भाषाच कादंबरीचं पात्र करणं, ही खरी नवी वाट होती. त्या वाटेने किती जण गेले?

गर्दी झाली ती सदानंद देशमुखांच्या शेतकरी-कादंबरीच्या वाटेवर. 'तहान'नंतर 2002 ला आलेली 'बारोमास' मोठीच. 2004 चा अकादमी पुरस्कार उगाच नाही मिळाला. पण तिच्यातला एकनाथ, शिकून बेकार बसलेला, आता दर तिसऱ्या पहिल्या कादंबरीत भेटतो. सोबत कर्जबाजारी बाप आणि माहेरी निघालेली बायको. देशमुखांनी जगून कमावलेलं हे लोक साच्यातून काढतात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या नातेसंबंधांच्या कादंबऱ्या गुळगुळीत असतात, एवढं पुरे. ऐतिहासिक कादंबरीला शिफारस लागतेच कुठे?

दोष नवख्या लेखकांचा कमी, शिफारस करणाऱ्यांचा जास्त. मलपृष्ठावर 'अस्सल मातीतली', 'विदारक वास्तव' लिहिणारे ज्येष्ठ हस्तलिखिताची किती पानं उलटतात? पहिल्या कादंबरीसाठी राज्य शासनाचा श्री. ना. पेंडसे पुरस्कार आहे, पण तो जाहीर होईपर्यंत पुस्तकाचा पहिला बहर ओसरलेला असतो. तालुक्याच्या वाचनालयात खरेदीची यादी सवलतीच्या टक्क्यांवर ठरते आणि ग्रंथपालाला विचारतो कोण? 1963 मध्ये पंचविशीतल्या नेमाड्यांची 'कोसला' आली तेव्हा भांडणं झाली ती भाषेवरून, रचनेवरून. आज भांडायलाही कुणी तयार नाही, सगळे हळहळतात. हळहळीने पुस्तक विकत घेतलं जाईल, वाचलं जाणार नाही. पुरस्कार समितीवर बसणाऱ्यांनी, प्रस्तावना लिहिणाऱ्यांनी लेखकाचं पोट कशावर चालतं ते सांगणं आधी बंद करावं, आणि कोणत्या पानावर थबकून मागे जावंसं वाटलं तेवढं लिहावं. असं एकही पान दाखवता येत नसेल तर शिफारस करूच नये.