इशारा होता, पण कुठे?

एपीटीचंच उदाहरण घ्या. 2021 मध्ये लायनस सेबॅस्टियन या यूट्यूबरने (टोरवाल्ड्स नव्हे!) पॉप ओएसवर टर्मिनलमधून स्टीम बसवायला घेतलं आणि डेस्कटॉपच उडाला. इशारा नव्हता का? होता की. पण बाकीच्या मजकुराच्याच रंगात, पॅकेजांच्या लांबलचक यादीत दडलेला. खाली, कर्सरपाशी, एवढंच : तुम्ही काहीतरी घातक ठरू शकेल असं करताय, पुढे जायचं तर ‘येस, डू अ‍ॅज आय से!’ टाइप करा. काय घातक? ते तिथे नाही. आणि वाक्य तयारच दिलंय म्हटल्यावर माणूस ते उतरवून काढतो, विचार करत बसत नाही.

2025 च्या एपीटी 3.0 मध्ये काढली जाणारी पॅकेजेस लाल दिसतात. चांगलं झालं, पण माझ्या मते हे निम्मंच काम. रंग म्हणजे नुसता एस्केप कोड, छटा ठरवते टर्मिनलची थीम. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा पिवळा इशारा वाचून दाखवा बघू! काहींना लाल-हिरवा वेगळा दिसतच नाही. त्यापेक्षा कर्सरच्या लगेच वर साध्या शब्दांत लिहा ना : ‘तुमचा डेस्कटॉप जाणार आहे.’ मग हवा तो रंग द्या.