हसन जेमाल: मत बदलणारा संपादक

आज आपण तुर्कस्तानच्या हसन जेमाल यांच्याकडे वळू. जन्म १९४४, इस्तंबूल. आजोबा जेमाल पाशा, म्हणजे पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य चालवणाऱ्या तिघांपैकी एक. १९१५ च्या आर्मेनियन संहाराशी या तिघांचं नाव जोडलेलं आहे. १९२२ मध्ये तिफ्लिसला आर्मेनियन मारेकऱ्यांनी पाशांना गोळ्या घातल्या.

जेमाल आज उदारमतवादी म्हणून ओळखले जातात, पण सुरुवात तशी नव्हती. तरुणपणी ते ‘देवरिम’ या साप्ताहिकात होते. देवरिम म्हणजे क्रांती. आणि ती करणार कोण? तर लष्करातले पुरोगामी अधिकारी! मार्च १९७१ मध्ये लष्करानं हस्तक्षेप केला खरा, पण झोडपलं डाव्यांनाच. पुढे १९८१ ते १९९२ ते ‘जुम्हुरियेत’चे संपादक झाले. तेव्हाही सुरुवातीला लष्करी राजवटच होती. १९९९ मध्ये त्यांनी एक अख्खं पुस्तक लिहून स्वतःच्या जुन्या उठावप्रेमाची झाडाझडती घेतली.

टीकाकार म्हणतात, हा माणूस वारा येईल तशी पाठ फिरवतो. मला हे पटत नाही. वाऱ्यासोबत जाणारा फायद्याकडे जातो. जानेवारी २००७ मध्ये आर्मेनियन वंशाचे संपादक ह्रांत दिंक यांचा इस्तंबूलमध्ये भररस्त्यात खून झाला. त्यानंतर, २००८ मध्ये, जेमाल येरेवानच्या संहार-स्मारकावर गेले. आपल्या आजोबांना मारणाऱ्याच्या नातवाला भेटले. २०१२ मध्ये पुस्तक काढलं, आणि तुर्की सरकार जो शब्द नाकारतं, तो ‘वंशसंहार’ थेट शीर्षकात छापला. यात फायदा कुठला, सांगा!

खरी त्रुटी दुसरीकडे आहे. २००० नंतर एर्दोआन सरकार युरोपीय संघाच्या दिशेनं सुधारणा करत होतं, सेनापतींना आवर घालत होतं. जेमालांनी त्याला पाठिंबा दिला. लष्कराचा धोका त्यांनी जवळून पाहिला होता, म्हणून तोच त्यांना मोठा दिसला. पण वृत्तपत्रांची मालकी कोणाची? इतरही धंदे असलेल्या उद्योगसमूहांची. अशा मालकाला सरकारची मर्जी सांभाळावी लागते. वर्तमानपत्र बंद करायला मग रणगाडा कशाला लागतो?

२०१३ मध्ये हे त्यांच्याच वाट्याला आलं. तुरुंगातले कुर्द नेते ओजालान यांच्याशी झालेल्या बोलण्याचं टिपण ‘मिल्लियेत’नं छापलं. जेमालांनी स्तंभात त्याची पाठराखण केली. पंतप्रधान एर्दोआन जाहीरपणे भडकले. जेमालांचा स्तंभ दोन आठवडे थांबवला गेला, पुढचा लेख छापायला नकार मिळाला, आणि १९९८ पासूनचं नातं संपलं. त्यानंतर ते ‘टी-२४’ या ऑनलाइन पत्रात लिहू लागले.

म्हणून जेमालांचं मूल्यमापन करताना ‘किती वेळा बदलले’ हे मोजू नका. प्रत्येक बदलाची किंमत कोणी भरली, ते बघा. बहुतेक वेळा त्यांनी स्वतः भरली. सत्ताधाऱ्याच्या सुधारणा मोजताना मालकाचा हिशेब मात्र त्यांनी उशिरा तपासला. वर्तमानपत्र वाचणाऱ्या आपण सगळ्यांनी तो आधी तपासायला हवा.